मळलेलं पान

माझे वडील सांगलीला एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीच्या हंगामात रात्री नऊच्या आत काही घरी यायचे नाहीत. दिवसभराचे व्यवहार आधी कीर्दीत उतरवायचे, मग एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवायची. चढवून झाली की कीर्दीत त्या ओळीपुढे एक बारीकशी खूण करायची. खूण आहे म्हणजे नोंद चढली, खूण नाही म्हणजे चढायची आहे. एवढाच नियम. लहानपणी मला त्या खुणेचं काहीच वाटायचं नाही. पुढे इंजिनियर होऊन अमेरिकेत आलो, डिस्क आणि फाईल सिस्टीम यांच्याशी पोटापाण्याचा संबंध आला, तेव्हा कळलं की संगणकाच्या आतही असेच दिवाणजी बसलेले असतात आणि त्यांचाही सगळा भरवसा अशाच एका खुणेवर असतो.

ही खूण चुकली तर काय होतं, याचा एक गाजलेला किस्सा २००६ च्या डिसेंबरात लिनक्समध्ये घडला. आमच्या धंद्यात तो अजूनही सांगितला जातो. पण सांगणारे बहुतेक वेळा फक्त शेवट सांगतात, की लिनस टोरवाल्ड्सला बग सापडला आणि चार ओळींत तो दुरुस्त झाला. मला त्याआधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बग कुणाचा होता, संशय कुणावर आला, आणि सगळे आपापल्या जागी बरोबर असूनही लोकांच्या फाईली खराब कशा झाल्या, तो भाग. प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेल्यांनी घाबरून जाऊ नये. कीर्द-खतावणी समजत असेल तर हेही समजेल.

तर सुरुवात अगदी मुळापासून करू.

तुम्ही 'सेव्ह' म्हणता तेव्हा मजकूर लगेच डिस्कवर जातो, हा एक गोड गैरसमज आहे. डिस्क मेमरीच्या मानाने फार सावकाश चालते. प्रत्येक अक्षरासाठी तिची वाट बघत बसलं तर कामं व्हायचीच नाहीत. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, तुमचा मजकूर मेमरीत ठेवून घेतो, 'झालं' म्हणून सांगतो आणि सवडीनं डिस्कवर लिहितो. याला राईटबॅक म्हणतात. मेमरीतल्या ज्या पानाचा मजकूर अजून डिस्कवर गेलेला नाही त्याला 'डर्टी' म्हणतात, म्हणजे मळलेलं पान. डिस्कवर लिहून झालं की ते 'क्लीन', धुतलेलं. मेमरी कमी पडली की कर्नल धुतलेली पानं बिनधास्त फेकून देतो, कारण त्यांची प्रत डिस्कवर असते. मळलेलं पान मात्र कधीही फेकायचं नाही. सगळा खेळ इथेच आहे, हे वाक्य लक्षात असू द्या.

ही उधारीची पद्धत फार जुनी आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये 'अपडेट' नावाचा एक प्रोग्रॅम सतत चालू असायचा. दर ३० सेकंदांनी तो 'सिंक' ही आज्ञा द्यायचा, म्हणजे 'मळलेलं सगळं डिस्कवर लिहा'. गंमत अशी की सिंक परत आलं म्हणजे लिहून झालंच असं नव्हतं. लिहायचं ठरलं आहे, एवढंच. हे मॅन्युअलमध्येच कबूल केलेलं होतं. म्हणून जुने लोक मशीन बंद करण्यापूर्वी तीनदा सिंक टाईप करायचे. तीनदा कशाला? तर टाईप करण्यात जो वेळ जातो तेवढ्यात पहिल्याचं काम उरकतं! पुढे १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडीमध्ये 'एफसिंक' आलं. एका ठरावीक फाईलचं लिखाण डिस्कवर पोचेपर्यंत ते थांबून राहतं. 'झालं' या शब्दाला पहिल्यांदा काहीतरी वजन आलं.

लिनक्स १९९१ मध्ये आलं तेव्हा त्यानंही हाच वारसा घेतला. सुरुवातीला हिशोब डिस्कच्या ठोकळ्यांचा, म्हणजे ब्लॉकचा होता. प्रत्येक ब्लॉकसाठी मेमरीत एक बफर आणि त्या बफरवर मळल्याची खूण. नंतर, २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ आवृत्तीपर्यंत, फाईलींचा मजकूर पानांच्या हिशोबाने ठेवण्याची पद्धत आली. आपल्या नेहमीच्या पीसीवर एक पान म्हणजे ४०९६ बाईट. पण जुने बफर गेले नाहीत. ते त्या पानांनाच चिकटून राहिले, या पानाचा कुठला तुकडा डिस्कवर कुठे जातो हे सांगायला. ब्लॉक १०२४ बाईटचा असेल तर एका पानाला चार बफर, ४०९६ चा असेल तर एकच.

म्हणजे बघा, आता खुणा दोन झाल्या. पानावर एक, आणि त्याच पानाला लटकलेल्या प्रत्येक बफरवर एकेक. पानावरची खूण मेमरीचा कारभार बघणारे वाचणार, बफरवरची खूण फाईल सिस्टीम वाचणार. एकाच दुकानात दोन दिवाणजी आणि दोघांच्या दोन खुणा. अनुभवी माणसाला इथेच वास आला असता!

त्यात २००१ च्या नोव्हेंबरात, २.४.१५ आवृत्तीत, ईएक्सटी३ ही फाईल सिस्टीम दाखल झाली. तिच्याकडे जर्नल होतं. जर्नल म्हणजे शब्दशः कीर्द. फाईलीच्या रचनेत जे बदल करायचे ते आधी कीर्दीत लिहायचे, मग मूळ जागी. वीज गेली तरी कीर्द वाचून हिशोब पुन्हा जुळवता येतो. शिवाय तिचा नेहमीचा नियम असा, की रचनेची नोंद कीर्दीत पक्की करण्यापूर्वी फाईलीतला मजकूर डिस्कवर गेलेला असला पाहिजे. नाहीतर नोंद नवी आणि मजकूर दुसऱ्याच कुणाचा तरी जुना, असा घोळ व्हायचा. म्हणून कीर्द सांभाळणारा तिचा कारकून, 'केजर्नलडी', साधारण पाच-पाच सेकंदांनी उठायचा आणि जरूर ते बफर स्वतःच डिस्कवर लिहून टाकायचा. लिहिलं की बफरची खूण पुसायची. पानावरची खूण मात्र तो पुसत नसे. ती त्याची नव्हेच.

यात काही चुकलं का? नाही. बफरचा मजकूर डिस्कवर गेला, बफर धुतला गेला. पानावर 'मळलेलं' अशी खूण उरली तर उरली. फार तर एक फेरी फुकट जाईल.

आता तिसरं पात्र. प्रोग्रॅमला फाईलीत लिहिण्याचे दोन रस्ते असतात. एक सरळ, कर्नलला सांगून. दुसरा 'एममॅप'. यात फाईलीची पानं प्रोग्रॅमच्या मेमरीतच जोडून देतात आणि प्रोग्रॅम थेट त्यावर लिहितो, कर्नलला न विचारता. पान मळल्याची नोंद प्रोसेसर करतो, पानांच्या तक्त्यातल्या एका बिटमध्ये. म्हणजे तिसरी खूण! कर्नलला ती आपणहून कुणी सांगत नाही. त्यानं तक्ता तपासला तरच कळतं.

२.६.१८ पर्यंत कर्नल तो तक्ता फार उशिरा तपासायचा. त्यामुळे एखादा प्रोग्रॅम एममॅपने शेकडो मेगाबाईट पानं मळवून बसला तरी कर्नलला पत्ता नसे, आणि कळेपर्यंत मेमरी भरून मशीनचा जीव घुसमटायचा. डच प्रोग्रॅमर पीटर झाइल्स्ट्रा याने यावर चांगला उपाय काढला. पान आधी फक्त वाचण्यापुरतं जोडून द्यायचं. प्रोग्रॅमने लिहायला हात लावला की प्रोसेसर अडवतो, कर्नलला वर्दी जाते, कर्नल पानावर 'मळलं' अशी खूण करतो आणि मग लिहू देतो. पान डिस्कवर पाठवताना लिहिण्याची परवानगी पुन्हा काढून घ्यायची. आता मळलेल्या पानांचा हिशोब कर्नलकडे वेळच्या वेळी येऊ लागला. २९ नोव्हेंबर २००६ ला २.६.१९ आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात हा बदल होता.

आणि डिसेंबरात तक्रारी सुरू झाल्या.

डेबियन वापरणाऱ्यांचा 'एपीटी', म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम, काही मशीनवर स्वतःचाच साठा बिघडवू लागला. त्यातही कमी मेमरीच्या छोट्या एआरएम मशीनवर जास्त. 'आरटोरंट' वापरणाऱ्यांना उतरवून घेतलेल्या फाईलींचे तुकडे खराब सापडू लागले. टोरंटमध्ये प्रत्येक तुकड्याची बेरीज आधीच ठाऊक असते आणि ती पडताळून बघतात, म्हणून चोरी पकडली तरी गेली. दोन्ही प्रोग्रॅममध्ये समान धागा एकच, एममॅप. फाईलीत जिथे मजकूर असायला हवा तिथे मधूनच शून्यं. कुठे एरर नाही, कुठे काही कुरकूर नाही. डिस्क ठणठणीत. लिहिलेलं मुकाट्यानं नाहीसं झालेलं.

संशय कुणावर गेला असेल ते सांगायला नको. नवीन काय आलं होतं? पीटरचा बदल. आधी सगळं ठीक होतं, हा आला आणि बिघडलं. तर्क सरळ होता आणि तिथेच शोध सुरू झाला. लिनस, अँड्र्यू मॉर्टन, निक पिगिन, स्वतः पीटर, सगळे डोकं लावून बसले. शोधता शोधता आजूबाजूच्या शंकास्पद जागा साफ करण्यात आल्या. मळल्याची खूण नुसतीच पुसून मोकळी होणारी फंक्शनं लिनसने काढूनच टाकली. बग मात्र जागच्या जागी. नाताळ आला आणि गेला.

शेवटी लिनसने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एममॅप केलेल्या फाईलीत, पानाच्या मापात न बसणारे तुकडे उलटसुलट क्रमाने लिहायचे, मेमरीवर ताण आणायचा, आणि मग सगळं वाचून ताडून बघायचं. ज्या चुकीसाठी दिवसेंदिवस वाट बघावी लागे ती आता हुकमी दाखवता येऊ लागली. आमच्या धंद्यात बग हुकमी दाखवता आला म्हणजे निम्मं काम झालं समजतात. २९ डिसेंबर २००६ ला दुरुस्ती कर्नलमध्ये गेली.

चूक होती ती अशी. चार पायऱ्या आहेत, सावकाश वाचा.

पहिली: प्रोग्रॅम पानावर लिहितो. कर्नलला वर्दी मिळते. पानावर खूण, सगळ्या बफरांवर खूण. उत्तम.

दुसरी: कीर्दीचा कारकून उठतो आणि बफर डिस्कवर लिहून त्यांची खूण पुसतो. पानावरची खूण तशीच. प्रोग्रॅमची लिहिण्याची परवानगीही तशीच, कारण तो तक्ता कारकुनाच्या अखत्यारीत नाही.

तिसरी: प्रोग्रॅम त्याच पानावर आणखी लिहितो. परवानगी असल्यामुळे कुणी अडवत नाही, वर्दी जात नाही. प्रोसेसरच्या तक्त्यात खूण पडते. पानावर खूण होतीच. बफर मात्र अजून स्वतःला धुतलेलेच समजत आहेत.

चौथी: मेमरीचा कारभारी हे पान डिस्कवर पाठवायला घेतो. पानावरची खूण पुसतो, तक्त्यातली खूण पुसतो, आणि फाईल सिस्टीमला सांगतो, 'हे पान लिही.' फाईल सिस्टीम आपल्या बफरांकडे बघते. सगळे धुतलेले! लिहिण्यासारखं काही नाही. ती म्हणते, 'झालं.' आता तिन्ही खुणा पुसलेल्या, पान अधिकृतपणे स्वच्छ, आणि तिसऱ्या पायरीवर लिहिलेला मजकूर डिस्कवर गेलेलाच नाही. मेमरी कमी पडली की पान फेकलं जातं. पुन्हा वाचायला जावं तर डिस्कवर जुनाच मजकूर.

कमी मेमरीच्या मशीनवर हे जास्त का व्हायचं ते आता कळलं असेल. तिथे पानं फेकण्याची वेळ वारंवार यायची.

लिनसने दुरुस्तीसोबत जी टीप लिहिली ती मुळातून वाचण्यासारखी आहे. तिचा मथितार्थ असा. मेमरीचा कारभारी समजत होता की 'लिही' म्हटलं की फाईल सिस्टीम अख्खं पान लिहिते. फाईल सिस्टीम समजत होती की तिला मळल्याचं सांगितलेल्या भागांपैकी जे अजून लिहायचे राहिलेत तेवढेच लिहायचे आहेत. बहुतेक वेळा दोन्हींचा अर्थ एकच निघायचा, म्हणून फार फार काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. पीटरच्या बदलात चूक होती असं नव्हे. गैरसमज त्याच्या आधीपासूनचा होता, या बदलानं तो वर आणला.

दुरुस्ती तर हसू येईल इतकी छोटी. चौथ्या पायरीवर तक्त्यातली खूण पुसताना ती 'होती' असं आढळलं, तर पान पुन्हा एकदा मळलेलं म्हणून जाहीर करायचं. त्यानं बफरांवर खुणा पडतात. आणि लगेच पानावरची खूण पुसून लिहायला पाठवायचं. म्हणजे धुण्यासाठीच मळवायचं! वाचणाऱ्याला हे वेड्यासारखं वाटणार हे लिनसला ठाऊक होतं, म्हणून त्यानं कोडमध्येच टीप घातली, की हो व्हर्जिनिया, हा खरोखरच वेडेपणा आहे. आपल्याकडच्या वाचकांना ही व्हर्जिनिया कळणार नाही. १८९७ मध्ये आठ वर्षांच्या व्हर्जिनियाने न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारलं होतं, सांताक्लॉज खरंच असतो का? 'हो व्हर्जिनिया, असतो' हे त्यांचं उत्तर इथे दर नाताळात कुणी ना कुणी काढतंच. नाताळच्या आठवड्यात बग शोधत बसलेल्या माणसाला तेच आठवलं यात नवल नाही. जानेवारी २००७ मध्ये २.६.१९.२ मधून ही दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचली.

आता थोडं स्वतःबद्दल. इथल्या माझ्या पहिल्या नोकरीत मी केलेला एक बदल गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात एका ग्राहकाचा हिशोब जुळेना. नवा माणूस मीच, नवा बदल माझाच. मीटिंगमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नाही. पण 'तुझा बदल काढून टाक' हे एकच वाक्य तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. व्हिसा कंपनीच्या हातात, बायको नुकतीच आलेली, घरी फोनवर सगळं छान चाललंय असं सांगत होतो. बदल मी काढला. तक्रार थांबली. सगळे खूष. मला झोप लागेना, कारण माझी चूक मला सापडत नव्हती. तीन आठवडे रात्री बसून शोधलं तेव्हा कळलं की दोन जुन्या भागांची एका शब्दाबद्दल दोन मतं होती, आणि माझ्या बदलामुळे कामाचा वेग वाढून ती एकमेकांसमोर आली. कागदावर मांडून दाखवल्यावर मॅनेजरनं मान्य केलं, माझा बदल परत घेतला. पण ते तीन आठवडे मी विसरलेलो नाही.

म्हणून पीटरच्या बदलाची गोष्ट मला जवळची वाटते. तो बदल काढून टाकला असता तर तक्रारी बहुधा थांबल्या असत्या, आणि सगळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला असता. चूक मात्र आत तशीच राहिली असती, कधीतरी कुणाचंतरी पान मुकाट्यानं खाण्यासाठी. त्या लोकांनी असं केलं नाही. नेमकं काय होतंय हे कळेपर्यंत ते थांबले नाहीत.

इथेच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण 'झालं' या शब्दाचा घोळ पुढेही चालूच राहिला. २००९ च्या डिसेंबरातल्या २.६.३२ मध्ये येन्स आक्सबो याने राईटबॅकची व्यवस्थाच बदलून प्रत्येक डिस्कला वेगळा कारकून दिला. पण डिस्कनं लिहायला नकार दिला तर काय, हा प्रश्न राहिलाच होता. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आलं की लिहिताना एरर आली तरी लिनक्स पान धुतलेलं म्हणूनच नोंदवतो. एफसिंकने एकदा एरर कळवायची, ती कुणी ऐकली तर ऐकली. पुन्हा एफसिंक केलं तर उत्तर येतं, 'झालं.' पोस्टग्रेस वर्षानुवर्षं धरून चालला होता की पुन्हा सांगितलं की कर्नल पुन्हा लिहून बघेल. पुन्हा तेच! एक शब्द, दोन अर्थ, आणि मधल्या मधे मजकूर गायब.

कर्नलच्या बाजूनं जेफ लेटनने त्याआधीच, २०१७ च्या ४.१३ आवृत्तीत, एररची नोंद नीट ठेवण्याची सोय केली होती, ज्यांनी फाईल उघडून ठेवली आहे त्या प्रत्येकाला ती कळावी म्हणून. पोस्टग्रेसने २०१९ च्या फेब्रुवारीत आपली बाजू बदलली. एफसिंक चुकलं की आता तो पुन्हा प्रयत्न करत नाही. सरळ बंद पडतो, आणि उठल्यावर आपली कीर्द वाचून सगळं नव्यानं चढवतो.

हे वाचलं तेव्हा मला बाबांची आठवण झाली. एकदा दिवाळीच्या आधी ताळेबंदात थोड्याशा रुपयांचा फरक निघत होता. शेठ म्हणाले, जाऊ द्या, किरकोळ खर्चात टाका. बाबांनी ऐकलं नाही. खुणांवर भरवसा न ठेवता त्यांनी कीर्दीची पहिल्यापासून एकेक ओळ खतावणीशी ताडून पाहिली. दोन रात्री गेल्या. फरक सापडला तो नव्या पोरानं लिहिलेल्या पानावर नाहीच, तर खूद बाबांच्याच हातच्या एका जुन्या पानावर. खूण होती, नोंद चढलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांसमोर त्यांनी ते सांगितलं. तो नवा पोरगा आता साठीचा आहे. मागच्या खेपेला सांगलीला गेलो तेव्हा ही गोष्ट मला त्यानंच सांगितली.